वारीच्या बंडीला चोरखिसा: मापं, कापड, शिलाई आणि भरायची रीत

तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. त्यामुळे वारीच्या कपड्यांची शिलाई आम्ही वटपौर्णिमेच्या आत उरकतो. मधला आठवडा कपडा घालून, धुऊन, पुन्हा घालून बघायला लागतो. टीप धरली की नाही, चेन अडकते का, कापड आटलं का, हे दोन धुण्यांशिवाय कळत नाही.

दिंडीतल्या लोकांसाठी कपडे निवडताना आणि शिवताना आम्ही सुरुवात कापडापासून करत नाही. वारकरी दिवसभरात अंगानं काय काय करतो, ते आधी मांडतो. पालखीपुढे माथा टेकायला वाकला की छातीवरच्या खिशाचं तोंड जमिनीकडे होतं. टाळ घेऊन हात वर गेले की नेहरू शर्ट चार-पाच सेंटिमीटर वर चढतो आणि बाजूच्या खिशांची तोंडं उघडतात. पंगतीला मांडी घातली की तिरप्या खिशातली वस्तू मांडीवरून खाली घरंगळते. फिरत्या शौचालयात उकिडवं बसलं की लेंग्याचा नेफा सैल होतो आणि तिथे नुसतं खोचलेलं काहीही खाली पडतं. खिसेकापूला यातल्या एकाच क्षणाची गरज असते, आणि त्या वेळी आपले दोन्ही हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात. म्हणून खिशाची परीक्षा उभं राहून आरशासमोर होत नाही. वाकून, हात वर करून, मांडी घालून, उकिडवं बसून आणि कुशीवर झोपून, अशा पाचही स्थितींत खिशाचं तोंड बंद राहतं का, ते बघायचं.

कपड्याची निवड इथूनच ठरते. नुसत्या नेहरू शर्टाचा भरवसा नाही. आत बंडी हवी, आणि बंडी अंगाबरोबरची हवी. ढगळ बंडीत खिसा लोंबतो आणि चालताना फासळीवर आपटत राहतो. फार घट्ट घेतली तर आतल्या वस्तूचा आकार वर उमटतो. छातीच्या मापावर 8 ते 10 सेंटिमीटर सैल ठेवली की दोन्ही अडचणी टळतात. बंडी पुढून बटणांची घ्यावी. डोक्यातून घालायची बंडी असेल तर खिशात हात घालायला सगळा शर्ट वर करावा लागतो, आणि भर रस्त्यात तसं केलं की काय कुठे ठेवलं आहे ते दहा जणांना दिसतं.

पावसाची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पांढरा नेहरू शर्ट भिजला की अंगाला चिकटतो आणि आरपार दिसायला लागतो. आत पातळ बंडी असेल तर खिशाचा चौकोन दिसतो, पातळ पांढऱ्या खिशातून नोटेचा रंगही दिसतो. त्यासाठी बंडीचं कापड जाडसर घ्यावं. खादी किंवा जाड मांजरपाट चालतं. पॉपलीन एकेरी असेल तर नको. खिशासाठी रंगीत कापड वापरायचा मोह टाळावा, कारण भिजल्यावर रंगही जातो आणि जागाही कळते. मांजरपाट कापण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचंच. कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं, पण त्यावर लावलेली नायलॉनची चेन आटत नाही. मग चेन लाटांसारखी वर-खाली होते आणि रनर मध्येच अडकतो. चेन बिघडली म्हणून जी बंडी परत येते, तिचं दुखणं बहुतेकदा कोऱ्या कापडात असतं.

आता मापं. 500 रुपयांची नोट 150 बाय 66 मिलिमीटर, म्हणजे एकदा दुमडली की 75 बाय 66. एटीएम कार्ड साधारण 86 बाय 54. हे सगळं मावायला आत 13 बाय 13 सेंटिमीटर जागा भरपूर होते. याहून मोठा खिसा मागणारे खूप भेटतात, पण मोठ्या खिशात वस्तू सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात, आणि तो फुगवटा लांबूनही दिसतो. नोटा एकदाच दुमडाव्यात. दहा नोटांची अशी घडी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जात नाही. चार-चार घड्या घातलेली पुरचुंडी मात्र बोटभर जाड होते.

चोरखिसा बंडीच्या वरच्या कापडाला कधीच शिवायचा नाही. बाहेरून टीप दिसली की खडूनं चौकोन आखून दिल्यासारखं होतं. बंडीला अस्तर नसेल तर निदान डाव्या पुढच्या भागाला तरी अस्तर लावून घ्यायचं, आणि खिसा त्या अस्तराला बसवायचा, पिशवी अस्तर आणि वरचं कापड यांच्या मध्ये. आतून फक्त चेनची पट्टी दिसते, बाहेरून काहीच नाही.

जागा बगलेच्या शिवणीपासून 9 ते 10 सेंटिमीटर खाली आणि बाजूच्या शिवणीपासून 3 सेंटिमीटर पुढे. हात खाली असला की दंड त्यावर आपोआप येतो. अस्तरावर 11 सेंटिमीटर लांब आणि 1 सेंटिमीटर रुंद अशी आडवी खिडकी आखायची. मधोमध काप द्यायचा, पण टोकापर्यंत सरळ जायचं नाही. दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर आधी थांबून कोपऱ्यांकडे तिरका काप द्यायचा, म्हणजे छोटा त्रिकोण उरतो. कडा आत दुमडून इस्त्री मारायची, मागे 3 नंबरची नायलॉनची चेन ठेवून कडेनं टीप मारायची, आणि उरलेला त्रिकोण चेनच्या टोकावर दुमडून त्यावर तीन-चार वेळा टीप फिरवायची. हा त्रिकोण नीट धरला नाही तर खिसा पहिल्यांदा तिथूनच फाटतो.

धातूची चेन आतल्या खिशाला लावू नये. घाम आणि पाऊस लागून ती गंजते, रनर जाम होतो, कापडावर डाग पडतात आणि कातडीला घासून चट्टे उठतात. वेल्क्रो लावा म्हणणारेही पुष्कळ. त्याचा आवाज होतो ही एक अडचण, आणि लोकरीचे, घोंगडीचे, टॉवेलचे तंतू अडकून चार-सहा दिवसांत त्याची पकड जाते ही दुसरी. शिवाय मांडी घातल्यावर कापडावर ताण आला की ते कडेनं थोडं थोडं सुटत राहतं. वयस्कर माणसांची बोटं आखडलेली असतात आणि त्यांना चेनचा बारीक रनर धरता येत नाही, म्हणून लोक वेल्क्रोकडे वळतात. त्यावर सोपा उपाय आहे. रनरच्या भोकातून 3 सेंटिमीटरची नाडी ओवून गाठ मारायची. बोटांत येते, अंगाला टोचत नाही.

रनर बंद झाल्यावर बगलेकडे यायला हवा, बटणांकडे नाही. त्यामुळे उघडताना तो पुढे ओढावा लागतो आणि तेवढ्यासाठी दंड बाजूला घ्यावा लागतो. दुसऱ्या कुणी ते केलं तर कळल्याशिवाय राहत नाही. रनर जिथे थांबतो तिथे अस्तराला एक लहान दोऱ्याचा फास करून ठेवला, तर झोपताना किंवा गर्दीत शिरताना रनर आणि फास मिळून सेफ्टी पिन अडकवता येते.

पिशवीचे दोन तुकडे 16 बाय 16 कापायचे. चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर दाब गेला की आत 13 बाय 13 उरतं. चेनचं तोंड 11 आणि पिशवी 13, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर कोपरा राहतो. चेन चुकून अर्धी उघडी राहिली तरी वस्तू त्या कोपऱ्यात अडते. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, सुती दोरा घाम-पावसात लवकर कुजतो. टीप बारीक, 2 मिलिमीटरची, आणि दुहेरी. खालच्या कडेला 3 सेंटिमीटरची जादा पट्टी आतून लावायची. ब्लेडची पत्ती मारून खिसा कापणारा बहुतेकदा खिशाच्या तळाशी मारतो, म्हणजे वस्तू आपोआप हातात पडते. तळाला कापडाचे तीन-चार थर लागले तर एका झटक्यात काम होत नाही, आणि दुसरा झटका अंगाला जाणवतो.

मोबाइलचा खिसा वेगळा, आणि तो उजव्या बाजूला, पोटाच्या उंचीवर. आजचे फोन कव्हरसकट साधारण 17 सेंटिमीटर उंच, 8 रुंद आणि 1 जाड असतात. सपाट खिशाचं आतलं माप रुंदीला 10.5 आणि खोलीला 19 ठेवावं. कव्हरसकट वजन 200 ग्रॅमच्या वर जातं आणि ते प्रत्येक पावलाला खाली खेचत असतं, म्हणून वरच्या दोन्ही कोपऱ्यांमागे 3 बाय 3 सेंटिमीटरचा जाड कापडाचा तुकडा लावून त्यातून त्रिकोणी टीप मारायची. हा तुकडा नसेल तर टीप टिकते आणि कापड फाटतं. आत एक कापडी फास शिवून ठेवावा आणि फोनच्या कव्हरला 45 सेंटिमीटरची दोरी लावून ती फासाला बांधावी. फोन कानापर्यंत येतो, हातातून निसटला तरी खाली पडत नाही, आणि कुणी ओढला तर बंडी ओढली जाते. फोन गळ्यात लटकवायची दोरी मात्र गर्दीत नकोच. रिंगणाच्या वेळी रेटारेटी झाली आणि कुणी ती ओढली, तर फोनआधी गळ्याला धोका.

लेंग्याला चोरखिसा हवा असेल तर नेफ्याच्या खाली 4 सेंटिमीटरवर तोंड येईल अशी, पोटाच्या बाजूला, आतून लोंबती पिशवी लावतात. वरची कड नेफ्याच्या टिपेतच धरायची, बाहेर नवी टीप येऊ द्यायची नाही. इथे चेन हवीच. नाडी सुटल्यावर उघड्या तोंडाची पिशवी उलटी होते.

बायकांच्या कपड्यांना खिसाच नसतो. कनवटीला खोचणं, पदराला गाठ मारणं, ब्लाउजमध्ये ठेवणं, ही सगळी सोय बसल्या जागेची आहे. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालताना कनवट सैल होते, पदराची गाठ मागे लोंबते आणि ब्लाउजमधली नोट घामानं लगदा होते. पाचवारीखाली परकर असतो, त्याला खिसा लावणं सगळ्यात सोपं. निऱ्यांच्या उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या जरा पुढे, नेफ्याखाली 3 ते 4 सेंटिमीटरवर खिशाचं तोंड ठेवायचं. कमरेशी वरून हात सरकवला की चेन सापडते, साडी वर उचलावी लागत नाही. परकर सुती घ्यावा. सॅटिनचा परकर वजनानं खाली घसरतो आणि नाडी आवळून आवळून कमरेला वळ उठतात. नऊवारीला परकर नसतो. तिथे आतल्या सुती चड्डीला तसाच खिसा लावावा, किंवा मांजरपाटाची 13 बाय 13 ची पिशवी रुंद नाडीला दोन्ही टोकांनी शिवून लुगड्याखाली कमरेला बांधावी. नाडी 2 सेंटिमीटर रुंद हवी, बारीक नाडी काचते. पंजाबी ड्रेसचा खिसा बाजूच्या शिवणीत असतो आणि तोंड उघडं असतं. त्यात रुमालापलीकडे काही ठेवू नये.

दागिन्यांचं बोलायचं तर सोनं घरी ठेवावं. काळ्या मण्यांची साधी पोत घालून निघावं. कितीही चांगला खिसा शिवला तरी गळ्यातलं सोनं झाकलं जात नाही.

आयटीतली आणि कॉलेजची मुलं ट्रॅक पँट घालून येतात. दुकानात घेतानाच तीन गोष्टी तपासाव्यात. खिशाला चेन आहे का आणि ती टोकाला टाक्यांनी बंद केली आहे का, खिशाचं आतलं कापड जाळीचं आहे की भरीव, आणि फोन ठेवून दुकानातल्या स्टुलावर बसलं की तो बाहेर डोकावतो का. जाळीचा खिसा फोनच्या कोपऱ्यानं फाटतो. मांडीवरचे मोठे कार्गो खिसे दिसायला मजबूत, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कमी जाणवतो, त्यामुळे तिथून काही गेलं तर लवकर कळत नाही. मागचा खिसा रिकामाच ठेवावा. रेक्झिनचे तयार कमरपट्टे बाजारात मिळतात. त्यांच्याखाली घामोळं येतं, आणि शर्टावरून बांधले तर पैसे इथे आहेत असं सांगतच माणूस चालतो.

शिवून झालेला कपडा भरायची रीतही ठरलेली असावी. दिवसाच्या खर्चाचे दोन-तीनशे रुपये दहा, वीस, पन्नासच्या नोटांत नेहरू शर्टाच्या बाजूच्या खिशात. त्या खिशाला शिवणीतच 15 सेंटिमीटरची 5 नंबरची चेन लावून घ्यावी. गर्दीत हात फक्त या एकाच खिशात जाईल, हा नियम कडक पाळायचा. चहाच्या टपरीवर पाचशेची नोट मोडायला चोरखिसा उघडला, तर तो चोरखिसा राहिला नाही. बाजूचा खिसा भरायचा तो पहाटे, मुक्कामाच्या राहुटीत. परतीच्या गाडीभाड्याचे पैसे आम्ही तिसऱ्या जागी ठेवतो. प्लास्टिकच्या छोट्या पुडीत घालून बंडीच्या खालच्या दुमडीत सरकवायचे आणि वरून हातानं धावदोरा घालायचा. ते पैसे पंढरपूरला टाके उसवूनच बाहेर येतात.

आधारकार्ड मात्र चोरखिशात घालू नका. एसटीत 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे आणि 2022 पासून 75 च्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे, आणि कंडक्टर ओळखपत्र मागतो. दारातल्या रेटारेटीत बंडीची बटणं काढत बसलं तर सगळी शिलाई वाया. आधार पैशांपासून वेगळं, शर्टाच्या दुसऱ्या बाजूच्या चेनच्या खिशात. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: दिंडीचा क्रमांक, दिंडी रथापुढची की रथामागची, आणि घरचे दोन फोन नंबर.

वाटेत हात खिशाकडे जाऊ न देणं ही सवय सगळ्यात अवघड. ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ अशी घोषणा भोंग्यावर झाली की आजूबाजूचे सगळे आपापला खिसा चाचपतात, आणि बघणाऱ्याला जागा कळते. चाचपायचं नाही. बगलेखालच्या खिशाचा हाच फायदा आहे, दंड जरा अंगाशी दाबला की आत काही आहे की नाही ते समजतं. पुढचा माणूस विनाकारण थांबला आणि त्याच वेळी मागून रेटा आला, किंवा कुणाचं उपरणं आपल्या पोटावर येऊन पडलं, तर दंड घट्ट दाबायचा आणि गर्दीतून आडवं बाहेर पडायचं.

रात्री बंडी काढून उशाला घ्यायची नाही. अंगावरच ठेवायची आणि डाव्या कुशीवर झोपायचं, खिसा खाली दबतो. चंद्रभागेच्या वाळवंटात मात्र कुठलाच खिसा कामाचा नाही, कारण तिथे बंडी अंगावरून उतरते. स्नान पाळीपाळीनंच करावं. एकानं कोरडं राहून कपड्यांवर बसायचं, शेजारी नाही, कपड्यांवर. अनोळखी माणसाला ‘जरा लक्ष ठेवा माउली’ म्हणून पाण्यात उतरू नये. पाण्यात नेता येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा भरवसा धरू नका. त्यांच्या दुमडीत वाळू गेली की पाणी आत जातं.

परतीच्या एसटीच्या दारात धोका सगळ्यात जास्त, कारण तिथे एक हात दांडीला असतो आणि दुसऱ्यात पिशवी. पिशवी आधी आत चढलेल्या माणसाकडे खिडकीतून द्यावी, मोकळा हात बगलेशी ठेवावा. तिकिटाचे पैसे मोजून आधीच बाजूच्या खिशात घेतलेले असावेत.

फोन गेलाच तर कागदावर लिहून ठेवलेली माहिती उपयोगी पडते. निघण्याआधी *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघावा आणि बँकेच्या हेल्पलाइनच्या नंबरासकट घरी आणि सोबत्याकडे लिहून ठेवावा. चोरी कळताच सोबत्याच्या फोनवरून आधी बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करावं, मग सिमकार्ड. पोलिसांची तात्काळ मदत 112 वर. तक्रार लेखी द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. चोरीचा गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली नोंदवतात. फोन बंद पाडायला केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्या तक्रारीची प्रत लागते, आणि ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिम.

घरी आल्यावर सगळे खिसे उलटे करून, वाळू झटकून, चेन उघडी ठेवून बंडी धुवायची. बंद चेनच्या दातांत रेती अडकून बसते. वाळल्यावर दातांवरून मेणबत्ती घासायची आणि रनर पाच-सहा वेळा पुढे-मागे करायचा. रनर मागून दात सोडत असेल तर पक्कडीनं दोन्ही बाजूंनी अगदी हलका दाबून बघायचा. तरीही सोडत असेल तर नुसता रनर बदलता येतो, सगळी चेन उसवायची गरज नसते. कोपऱ्याचे त्रिकोण मात्र दर वर्षी बोटानं ओढून बघायचे, आणि एक धागा जरी सुटलेला दिसला तरी तिथली टीप पुन्हा मारून घ्यायची.